ज्याचा त्याचा शून्य

आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टीम/३६० जाहीर केली, तेव्हा मेमरीचे पहिले १२८ बाइट यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवले होते. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रुक्स यांनी आखलेल्या त्या रचनेत शून्यापासून १२७ पर्यंतच्या पत्त्यांची वाटणी कायमची ठरलेली होती आणि लहानमोठ्या सगळ्या मॉडेलांना ती सारखीच लागू होती. २४ ते ६३ या पत्त्यांवर पाच ‘जुने’ प्रोग्रॅम स्टेटस वर्ड. ६४ वर चॅनेलने, म्हणजे उपकरणांशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या घटकाने, काय केले याची नोंद, ७२ वर चॅनेलने काय करायचे त्या आज्ञांचा पत्ता. ८० वर आपोआप उतरत जाणारा टायमर. आणि ८८ ते १२७ वर पाच ‘नवे’ प्रोग्रॅम स्टेटस वर्ड. हे पत्ते मेनफ्रेमची माणसे सोळाच्या पायावर लिहितात, पण इथे ते सगळे आपल्या नेहमीच्या दशमानात दिले आहेत. मेमरी तेव्हा फेराइटच्या बारीक कड्यांची असे. त्यावरून या भागाला ‘लो कोअर’ म्हणू लागले आणि कड्या जाऊन चिप आल्या तरी बोलण्यात तेच नाव राहिले.

संगणकाच्या इतिहासात लो कोअरच्या या पानाला कोणी फारसे विचारत नाही. विक्रीचे आकडे, ब्रुक्सचे पुस्तक, आयबीएमने पणाला लावलेले अब्जावधी डॉलर, यांवर भरपूर लिहिले गेले. पण एकाच मेमरीवर दोन, पुढे दहा, पुढे शंभरांहून अधिक प्रोसेसर सुखाने नांदू शकले, याचे बरेचसे श्रेय या पानाला आणि त्याच्याभोवती केलेल्या एका छोट्या युक्तीला द्यावे लागते.

आधी हे पान काम कसे करते ते पाहू. समजा, एखाद्या प्रोग्रॅमला ऑपरेटरच्या कन्सोलवर निरोप छापायचा आहे. तो ‘सुपरवायझर कॉल ३५’ ही आज्ञा देतो. त्या क्षणी प्रोसेसर आपला चालू प्रोग्रॅम स्टेटस वर्ड, म्हणजे पुढची आज्ञा कुठे आहे आणि प्रोग्रॅमला अधिकार किती आहेत हे सांगणारे ६४ बिट, पत्ता ३२ वर लिहून ठेवतो. ३५ हा आकडाही त्याच आठ बाइटांत बसतो. मग पत्ता ९६ वरचा नवा वर्ड उचलून तो त्यात सांगितलेल्या ठिकाणी जातो. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम वाट पाहत असते. काम झाले की ३२ वरचा जुना वर्ड परत उचलायचा आणि प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चालू. चालू काम असे मध्येच थांबवणाऱ्या घटनेला इंटरप्ट म्हणतात. एकूण पाच प्रकारच्या इंटरप्टसाठी अशा पाच जोड्या होत्या.

यात एक अडचण आहे, आणि सगळी गंमत त्या अडचणीतच आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती ताबा येतो तेव्हा सोळाच्या सोळा रजिस्टरांत प्रोग्रॅमचे सामान भरलेले असते. ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय एकही रजिस्टर वापरता येत नाही. पण ३६० वर मेमरीतला पत्ता सांगायचा तो एका बेस रजिस्टरातल्या आकड्यात बारा बिटांचे अंतर मिळवूनच. म्हणजे सामान उतरवायला जागा हवी, जागेचा पत्ता सांगायला रजिस्टर हवे आणि रजिस्टर एकही मोकळे नाही. यातून सुटका होते ती रचनेतल्या एका नियमामुळे: बेस म्हणून रजिस्टर शून्य सांगितले तर त्यातला आकडा न धरता सरळ शून्य धरायचे. बारा बिटांचे अंतर ४०९५ पर्यंत जाते. म्हणून मेमरीचे पहिले ४०९६ बाइट असे आहेत, की त्यांच्यापर्यंत कोणत्याही रजिस्टराच्या मदतीशिवाय पोचता येते. इंटरप्ट आल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचे पहिले पाऊल टेकायला सगळ्या मेमरीत एवढीच भुई असते.

प्रोसेसर एक असेल तोवर सारे ठीक. दोन प्रोसेसर एकाच मेमरीला जोडले की काय होईल? दोघांनाही सुपरवायझर कॉल आला तर दोघेही पत्ता ३२ वर लिहिणार. एकाच वहीत एकाच ओळीवर दोन कारकुनांनी नोंद करावी तसे ते होईल. दुसऱ्याची नोंद पहिल्याची पुसून टाकेल आणि पहिला प्रोसेसर परत कुठे जायचे तेच हरवून बसेल. कुलूप लावून हे टाळता येत नाही, कारण लिहिणारे हार्डवेअर आहे. इंटरप्ट आला की ते लिहितेच. त्याच काळात बरोजच्या बी ५००० यंत्रालाही दोन प्रोसेसर जोडता येत. तिथे सगळे इंटरप्ट पहिल्याच प्रोसेसरने हाताळायचे, दुसऱ्याने फक्त प्रोग्रॅम चालवायचे, असा मार्ग काढला होता. तो चालला, पण त्यात दुसरा प्रोसेसर कायमचा दुय्यम राहतो आणि पहिला बंद पडला तर दुसरा असून नसल्यासारखा.

३६० च्या रचनाकारांनी दोघांना बरोबरीचे ठेवले. त्यांचा उपाय म्हणजे प्रीफिक्स. प्रत्येक प्रोसेसरला बारा बिटांचा एक आकडा द्यायचा. प्रोसेसरने काढलेल्या २४ बिटांच्या पत्त्यातले वरचे बारा बिट शून्य असतील, म्हणजे पत्ता पहिल्या ४०९६ मधला असेल, तर त्या बारांच्या जागी प्रीफिक्सचे बारा बसवायचे. बाकी पत्त्यांना हात लावायचा नाही. दोन्ही प्रोसेसर ‘३२’च म्हणतात, एकाचे ३२ मेमरीत एका ठिकाणी पडते, दुसऱ्याचे दुसऱ्या. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या एकाही आज्ञेत बदल करावा लागत नाही. आणि प्रीफिक्सची हद्द नेमकी ४०९६ बाइटांची, म्हणजे बेस रजिस्टराविना पोचता येणाऱ्या प्रदेशाएवढी. हार्डवेअरला स्वतःसाठी १२८ बाइट पुरले असते. संपूर्ण ४०९६ दिले म्हणून सॉफ्टवेअरलाही प्रोसेसरागणिक वेगळी अशी खासगी जागा मिळाली. या एका निर्णयाबद्दल मला त्या माणसांविषयी अपार आदर वाटतो.

सुरुवातीला हा प्रीफिक्स प्रोग्रॅमला बदलता येत नसे. तो यंत्रावर हाताने ठरवून ठेवावा लागे. मुख्य आणि पर्यायी असे दोन आकडे ठरवलेले असत. ज्या मेमरी संचात राखीव पान आहे तोच बिघडला तर पर्यायी आकड्यावर यंत्र पुन्हा सुरू करता यावे, ही त्यामागची काळजी. मॉडेल ६५ चे दोन प्रोसेसर जोडून ओएस/३६० ची जी आवृत्ती चालवली, तिच्यात सुपरवायझरमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, एका वेळी एकानेच शिरायचे असा नियम होता आणि ‘टेस्ट अँड सेट’ ही आज्ञा त्या दाराची कडी. दार एकच असले तरी दाराबाहेर दोघांचे शून्य वेगळे होते, म्हणूनच दोघांना एकाच वेळी इंटरप्ट घेता येत.

या युक्तीचे सर्वांत मोलाचे काम विमानवाहतूक नियंत्रणात झाले. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनसाठी आयबीएमने ३६० च्या मॉडेल ५० आणि ६५ वर आधारून ९०२० नावाची यंत्रणा बांधली. तिच्यात अनेक प्रोसेसर, मेमरीचे अनेक वेगवेगळे संच आणि आयओ सांभाळणारे वेगळे घटक होते. आकाशात विमाने असताना यातला कोणताही घटक निखळला तर उरलेल्यांनी काम चालू ठेवायचे, ही मूळ अट. इथे राखीव पानाला ‘प्रेफरेन्शियल स्टोरेज एरिया’ म्हणत आणि ते कुठे आहे हे सांगणारे रजिस्टर प्रत्येक प्रोसेसरात असे. मेमरीचा संच गेला तर त्यातले पान जाते. पान गेले तर प्रोसेसरला पुढचा इंटरप्टही घेता येत नाही आणि ‘मेमरी बिघडली’ हे सांगणारा इशारासुद्धा इंटरप्ट म्हणूनच येतो. म्हणून पर्यायी पान दुसऱ्या संचात तयार ठेवायचे आणि प्रोसेसरने त्याकडे वळायचे अशी सोय केलेली होती. अमेरिकेच्या हवाई मार्गांवरची नियंत्रण केंद्रे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या यंत्रांवर चालली. लंडनजवळच्या वेस्ट ड्रेटन केंद्रातही ९०२० होते.

३६० च्या प्रीफिक्समध्ये एक उणीव मात्र होती. बदल एकाच दिशेने होई. ज्या प्रोसेसरचा प्रीफिक्स शून्याखेरीज काही आहे, त्याला मेमरीतले खरे शून्य पान दिसतच नसे. शून्य म्हटले की त्याला स्वतःचे पान मिळे, आणि त्या पानाचा खरा पत्ता दिला तरी पुन्हा तेच मिळे. एक पान दोनदा दिसे आणि एक कधीच दिसत नसे.

१९७० च्या दशकात सिस्टीम/३७० चे बहुप्रोसेसर आले, मॉडेल १५८ आणि १६८ च्या जोड्या, तेव्हा हे दुरुस्त झाले. आता प्रीफिक्स म्हणजे अदलाबदल. समजा प्रीफिक्स ४०९६० आहे. प्रोसेसरने ० ते ४०९५ मधला पत्ता सांगितला तर तो ४०९६० ते ४५०५५ मध्ये जातो, आणि ४०९६० ते ४५०५५ मधला सांगितला तर तो ० ते ४०९५ मध्ये येतो. कोणतेच पान हरवत नाही. खरे शून्य पान सगळ्यांना दिसते, आणि दुसऱ्या प्रोसेसरचे खासगी पान पाहायचे असेल तर त्याच्या खऱ्या पत्त्यावर सरळ जाता येते. बदललेला भाग केवढासा, पण चालत्या यंत्रात एक प्रोसेसर कोसळला तर त्याचे पान उघडून काय झाले ते वाचायला दुसरा मोकळा झाला. प्रीफिक्स आता हाताने ठरवायची गरज उरली नाही. ‘सेट प्रीफिक्स’ ही आज्ञा आली आणि एका प्रोसेसरने दुसऱ्याला उठवावे, थांबवावे किंवा हाक मारावी यासाठी ‘सिग्नल प्रोसेसर’ ही आज्ञा आली.

१९७४ च्या एमव्हीएस या ऑपरेटिंग सिस्टीमने या पानाला ‘प्रीफिक्स्ड सेव्ह एरिया’ म्हटले आणि त्याचा जो उपयोग केला तो मला सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. हार्डवेअरचा वाटा आता १२८ वरून वाढला होता: पहिले ५१२ बाइट हार्डवेअरच्या करारातले. ५१२ पासून पुढे ऑपरेटिंग सिस्टीमचे. ५१६ वर या प्रोसेसरचा क्रमांक. ५३६ वर यापुढे चालवायच्या टास्कचा पत्ता, ५४० वर सध्या चालू असलेल्या टास्कचा. ५४४ आणि ५४८ वर तीच जोडी ॲड्रेस स्पेससाठी, म्हणजे प्रत्येक कामाला मिळणाऱ्या पत्त्यांच्या स्वतंत्र आवाक्यासाठी. ७६० वर या प्रोसेसरने कोणकोणती लॉक धरली आहेत त्याच्या खुणा. प्रत्येक ॲड्रेस स्पेसचे शून्य पान याच पानाला बांधलेले असते, म्हणून कोणताही प्रोग्रॅम कुठेही चालू असो, ५४० वाचले की उत्तर मिळते. ‘मी कोणत्या प्रोसेसरवर आहे’ हे विचारावे लागत नाही, तक्त्यात शोधावे लागत नाही, रजिस्टर खर्च होत नाही आणि लॉक तर मुळीच लागत नाही, कारण एरवी त्या जागी लिहिणारा प्रोसेसर तो एकटाच.

यात एक बारकावा आहे. ५४० वाचून पुढची आज्ञा चालण्याआधी इंटरप्ट आला आणि टास्कांची पाळी ठरवणाऱ्या डिस्पॅचरने आपला टास्क उचलून दुसऱ्या प्रोसेसरवर टाकला तर? काहीच बिघडत नाही. तिथल्या ५४० वर डिस्पॅचरने आपलाच पत्ता लिहिलेला असतो. ५१६ वरचा क्रमांक मात्र तेवढ्यात शिळा झालेला असू शकतो. एकाच पानावरच्या या दोन शब्दांत किती फरक आहे! पहिला सामान्य प्रोग्रॅमने केव्हाही वाचावा. दुसरा इंटरप्ट बंद करूनच वाचायचा.

जुन्या प्रोग्रॅमांची काळजी कशी घेतली तेही पाहण्यासारखे आहे. ओएस/३६० च्या काळापासून पत्ता १६ वर ‘कम्युनिकेशन व्हेक्टर टेबल’चा पत्ता असे. यंत्र सुरू होताना १६ ते २३ हे बाइट हार्डवेअरला लागतात, नंतर ते मोकळे पडतात. म्हणून तिथे ऑपरेटिंग सिस्टीमने आपला मुख्य दुवा ठेवला. त्या टेबलाचा पहिला शब्द एका जोडीकडे नेई: पुढचा टास्क आणि सध्याचा टास्क. असंख्य प्रोग्रॅम १६ वरून टेबल, टेबलावरून जोडी आणि जोडीतून चार बाइट पुढे जाऊन स्वतःचा टास्क गाठत. एका प्रोसेसरच्या जगात ‘सध्याचा टास्क’ एकच. अनेक प्रोसेसर असतील तर ती जोडी ठेवायची कुठे? एमव्हीएसच्या लोकांनी टेबलाच्या त्या पहिल्या शब्दात ५३६ हा आकडा लिहून ठेवला. बस्स. टेबल सर्वांना सामाईक, त्यातला आकडाही एकच, पण ५३६ ज्याच्या त्याच्या पानात उघडतो. दशकापूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम त्याच तीन पावलांनी जातो आणि ज्या प्रोसेसरवर तो चालू आहे त्याचेच उत्तर घेऊन येतो. त्या प्रोग्रॅमाच्या लेखकाने दुसऱ्या प्रोसेसरची कल्पनाही केलेली नसेल.

मुंबई-पुण्यातल्या ज्या मंडळींनी मेनफ्रेमवर डंप वाचले आहेत, त्यांची बोटे १६ या आकड्यावरून आपोआप चालत असतील. आणि ही रचना महाराष्ट्रात एका वेगळ्याच वाटेनेही पोचली: पवईच्या आयआयटीत १९७० च्या दशकात आलेले सोव्हिएत बनावटीचे ईसी-१०३० हे ३६० च्या आराखड्यावरच बेतलेले होते. न्यूयॉर्क राज्यात आखलेली पत्त्यांची ती वाटणी मॉस्कोमार्गे आपल्याकडे येऊन बसली.

एवढे सगळे ज्या पानावर उभे, ते पान नाजूकही तितकेच. ऑपरेटिंग सिस्टीमच्याच एखाद्या भागात पत्ता भरायचा राहून गेला आणि तिथे शून्य राहिले, तर त्या शून्याच्या आधाराने लिहिलेले सगळे पहिल्या काही बाइटांवर येऊन आदळते. ९६ वरचा वर्ड बिघडला की पुढचा सुपरवायझर कॉल प्रोसेसरला भलतीकडेच नेतो. स्टोरेज की म्हणजे मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचे कुलूप. पण ऑपरेटिंग सिस्टीम शून्य कीने चालते आणि शून्य कीला सगळी कुलपे उघडी. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘लो-ॲड्रेस प्रोटेक्शन’ आले. कंट्रोल रजिस्टर शून्यातला एक बिट लावला की ० ते ५११ वर कोणत्याही प्रोग्रॅमला, कोणत्याही कीने, लिहिता येत नाही. हार्डवेअर मात्र इंटरप्टच्या वेळी तिथे आपले लिहीत राहते. हद्द ५१२ ला का, तर त्यापुढे ऑपरेटिंग सिस्टीमला क्षणोक्षणी लिहायचे असते. एकाच पानाच्या आत आखलेली ही रेघ म्हणजे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या कराराची खरी सीमा.

१९८० च्या दशकात ३७०-एक्सए रचनेने आयओ बदलले. कोणत्याही उपकरणाचा इंटरप्ट आता कोणत्याही प्रोसेसरला घेता येऊ लागला आणि ६४ व ७२ वरच्या चॅनेलच्या जुन्या जागा निवृत्त झाल्या. २००० साली ६४ बिटांचे झेड आर्किटेक्चर आले तेव्हा प्रोग्रॅम स्टेटस वर्ड सोळा बाइटांचा झाला, राखीव पान ८१९२ बाइटांचे झाले, आणि सुपरवायझर कॉलचा जुना वर्ड ३२ वरून ३२० वर, नवा ९६ वरून ४४८ वर गेला. लो-ॲड्रेस प्रोटेक्शनलाही ४०९६ ते ४६०७ अशी दुसरी पट्टी जोडली गेली. १६ वरचा टेबलाचा पत्ता आणि ५४० वरचा टास्क मात्र हलले नाहीत.

लिनक्स या यंत्रांवर १९९९ च्या डिसेंबरमध्ये आयबीएमच्या ब्योब्लिंगेन प्रयोगशाळेतून आले, आणि त्यानेही हेच पान आपलेसे केले. इतर प्रोसेसरांवर लिनक्सला ‘सध्याचा टास्क कोणता’ हे कळावे म्हणून एखादे सेगमेंट रजिस्टर किंवा खास रजिस्टर अडकवून ठेवावे लागते. इथे लो कोअरमधला एक शब्द वाचला की झाले. पण लिनक्सच्या लोकांना एक गोष्ट खुपत होती. कर्नेलमधल्या चुकांत शून्य पत्ता वाचण्याची चूक फार मोठी. इतर यंत्रांवर शून्य पान रिकामे ठेवतात, म्हणून अशी चूक जागच्या जागी पकडली जाते. मेनफ्रेमवर मात्र शून्यावर खरीखुरी माहिती असते. लो-ॲड्रेस प्रोटेक्शन लिहिणे अडवते, वाचणे अडवत नाही. चुकीचा प्रोग्रॅम तिथले बाइट वाचून निर्धास्तपणे पुढे जातो आणि चूक भलत्याच ठिकाणी उघडकीस येते.

२०२४ मध्ये कर्नेलला एक पर्याय मिळाला: लो कोअरचा व्हर्च्युअल पत्ता शून्याऐवजी ४५८७५२ ठेवायचा आणि शून्य पान रिकामे सोडायचे. हा आकडा वाटेल तसा निवडलेला नाही. बारा बिटांच्या अंतराने तिथे पोचता आले नसते. पण २००३ च्या झेड९९० यंत्रापासून कित्येक आज्ञांना वीस बिटांचे, अधिक-उणे दोन्हीकडे जाणारे अंतर मिळाले आहे. त्याची वरची मर्यादा ५२४२८७. ४५८७५२ तिच्या आत बसतो, म्हणून बेस रजिस्टर न वापरता तिथेही एका आज्ञेत जाता येते. हार्डवेअर आपले वर्ड अजूनही प्रीफिक्सने ठरवलेल्या पानातच ठेवते, आणि प्रत्येक प्रोसेसरचे ते पान वेगळे. कर्नेल त्याच पानाकडे फक्त दुसऱ्या पत्त्याने पाहते, आणि शून्य वाचणारा प्रोग्रॅम आता तिथल्या तिथे पकडला जातो.